घर पाहावे, पण वाजवून!

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपले वाडवडील सांगत आले. त्यांचे बरे होते. ते घर बांधीत आणि बांधताना पाहात. पायात दगड किती पडला, चुना कसा मळला, तुळई कोणत्या लाकडाची, हे सारे त्यांच्या डोळ्यांदेखत होई. आपण दुसऱ्याने बांधलेले, तिसऱ्याने वापरलेले आणि चौथ्याने रंगविलेले घर विकत घेतो. अशा वेळी पाहण्याची गरज वाढावयास हवी होती. प्रत्यक्षात आपण पाहणेच सोडून दिले आहे, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

वाचकहो, माठ घ्यावयाचा तर आपण तो बोटाने वाजवून घेतो. नारळ कानाशी धरून हलवितो. पाव किलो भेंडी घेतानाही टोक मोडून पाहतो. हीच चोखंदळ माणसे पन्नास-साठ लाखांचे जुने घर वीस मिनिटांत पसंत करतात! नवा ओटा, छताला नक्षीदार प्लास्टर, न्हाणीघरात चकचकीत फरशी, की झाले. मग वकील मालकीहक्काचे तीस वर्षांचे दप्तर धुंडाळतो, वास्तुशास्त्री होकायंत्र घेऊन आग्नेय-नैर्ऋत्य ठरवितो, ज्योतिषी मुहूर्त काढतो. एकटा इंजिनिअर तेवढा कोणी बोलावीत नाही. कागद निर्दोष असले म्हणजे खांबही निर्दोष, असा आपला काहीतरी समज झालेला आहे.

त्यात 'पूर्ण रिनोव्हेटेड' हे शब्द जाहिरातीत दिसले की आपण निर्धास्त होतो. मी म्हणतो, तेथेच अधिक सावध झाले पाहिजे. जुन्या घराच्या भिंती, दागिना लपवावयाचा नसला तर, आपले दुखणे बोलून दाखवितात. ओल असली तर डाग पडतो, आतले लोखंड गंजले तर भेग पडते. नूतनीकरण केलेले घर बोलत नाही. त्याच्या तोंडावर रंग फासलेला असतो.

मी शाळामास्तर. इंजिनिअरिंगची आकडेमोड मला येत नाही. पण लोखंड का गंजते हे वर्गातल्या पोरांनाही ठाऊक असते. काँक्रीटमधला अल्कलीचा अंश आतल्या सळ्यांचे रक्षण करतो. हवेतला कार्बन डायॉक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपतो, तो अंश संपतो, आणि ओल पोचली की सळई गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. म्हणून तो फुगून काँक्रीट फोडतो. समुद्रकाठी खारी हवा हे काम लवकर उरकते. हे ओळखणे अशक्य नाही. पोकळ झालेला गिलावा ठोकला की बद्द वाजतो. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतले फिनॉल्फ्थॅलीन काँक्रीटच्या ताज्या कपच्यावर शिंपडले, तर निरोगी भाग गुलाबी होतो आणि संरक्षण गेलेला भाग तसाच राहतो. याशिवाय जाणकाराकडे काँक्रीटचा कठीणपणा मोजणारा हातोडा असतो, ध्वनिलहरींचे यंत्र असते. पण त्या छताखाली खोटे छत ठोकले असेल, तर ते उघडून दाखवा म्हणण्याचे धैर्य गिऱ्हाइकाला हवे!

दुसरी गोष्ट भिंतींची. दिवाणखाना मोठा करण्याच्या हौसेपायी मधली भिंत पाडली जाते. खांब-तुळयांच्या सांगाड्याच्या इमारतीत एखादे वेळी ते निभावते. पण जुन्या विटांच्या इमारतींत भिंत हाच खांब असतो, आणि ती पाडणाऱ्या गवंड्याने तो हिशेब केलेला असतोच असे नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची 'सिद्धी साई' ही इमारत कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्यावर फेरफाराचे काम चालू होते, आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांचा त्यात काय अपराध?

यावर लोक म्हणतात, "बँकेने माणूस पाठविला होता की!" अहो, तो बँकेचे कर्ज बुडणार नाही ना एवढे पाहावयास आला होता. तुमचे न्हाणीघर गळते की नाही, याच्याशी त्याला काय कर्तव्य? दुसरे म्हणतात, "विकणाऱ्यावर अविश्वास कसा दाखवावा?" १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम विकणाऱ्यास सांगते की, तुला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष लपवू नकोस. पण हे बंधन कोणत्या दोषापुरते? घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही जो सापडला नसता, त्या दोषापुरते! साधारण काळजी घेण्याचा भार कायद्याने आपल्याच शिरावर ठेवलेला आहे. तिसरे खर्चाचे रडगाणे गातात. दलालाला टक्क्याने पैसे मोजणाऱ्याच्या आणि मुद्रांकशुल्कापोटी लाखांनी भरणाऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही.

म्हणून माझे सांगणे सरळ आहे. विसार देण्यापूर्वी आपल्या पैशाने, आपण निवडलेला जाणकार स्थापत्य-अभियंता घरात न्यावा. दलालाने सुचविलेला नव्हे. गृहनिर्माण संस्थेकडे इमारतीच्या तपासणीचा शेवटचा अहवाल मागावा. संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी तपासणी व्हावयास हवी. अहवालच नाही असे उत्तर आले, तर तेही एक उत्तरच आहे. वरच्या बिऱ्हाडाचे न्हाणीघर कोठे येते ते पाहावे, आणि पावसाळ्यात एकदा जाऊन भिंतीला हात लावावा. विसारपावतीत एक ओळ घालून घ्यावी: तपासणीत गंभीर दोष निघाल्यास विसार परत. विकणारा प्रामाणिक असेल तर या ओळीला हरकत घेणार नाही. आणि त्याने हरकत घेतलीच, तर आपला निम्मा तपास फुकटात झाला असे समजावे.

आयुष्यभराचा प्रॉव्हिडंट फंड, बायकोच्या पाटल्या आणि मुलाच्या पगारावर वीस वर्षांचे हप्ते, एवढे ज्यात ओतावयाचे, त्या घराच्या भिंतीवर दोन टिचक्या मारण्याचा संकोच कशाला? दिवाळीला आपण आपल्या घराला रंग देतो, तो अवश्य द्यावा. दुसऱ्याने दिलेला रंग मात्र विकत घेऊ नये. या दिवाळीनंतर ज्यांची घराची बोलणी ठरली असतील त्यांनी मुहूर्त खुशाल काढावा, पण त्याआधी इंजिनिअरची तारीख घ्यावी.