सही कोणाची?

सुरतेच्या पहिल्या स्वारीस, म्हणजे १६६४ च्या आरंभी, जाताना छत्रपती शिवाजी महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले आणि राजे विक्रमशहांनी त्यांच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला, अशी परंपरागत कथा आहे. माळाचे नाव त्यावरूनच पडले म्हणतात. एखाद्या प्राध्यापकाने यावर टिपण मागितले, तर चॅटजीपीटी क्षणार्धात घोटीव मराठी पुढे ठेवील. त्यातली तिथी कागदपत्रांतली की यंत्राने शब्द जुळवता जुळवता सुचवलेली, हे मात्र वाक्यावरून ओळखता येत नाही. मुनीम कितीही हुशार असो, रोजमेळ पेढीच्या मालकालाच तपासावा लागतो.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात फेब्रुवारी २०२३ मध्ये याहून नाजूक प्रसंग घडला. मिशिगन स्टेट विद्यापीठातील गोळीबारात तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडल्यानंतर तेथील पीबॉडी महाविद्यालयाच्या एका कार्यालयाने सांत्वनपत्र धाडले. तळाशी चॅटजीपीटीचा आधार घेतल्याची नोंद होती. नोंद प्रामाणिक होती, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही विद्यार्थी दुखावले आणि सहयोगी अधिष्ठात्यांना क्षमा मागावी लागली.

विद्यार्थ्याचे गुण, घरची अडचण, अप्रकाशित प्रबंध बाहेरच्या यंत्रात घालणे तर आणखी गंभीर. एका गिऱ्हाइकाचे खाते दुसऱ्यापुढे कोणती पेढी उघडते? मोखाड्याच्या पाड्यावरून आलेल्या, घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलीचे शिफारसपत्र तिला वर्षभर शिकवणाऱ्यानेच लिहायचे असते. यंत्राने तिला पाहिलेले नसते.