हक्क सोडला कीं सोडविला?

गेल्या पंधरवड्यांत एक भगिनी आमच्याकडे एक कागद घेऊन आली. बाप वारल्यावर भावानें तिला तालुक्याच्या गांवीं नेलें, 'वारसाची नोंद करावयाची आहे, सही कर' म्हणून सांगितलें, फोटो काढविला, आंगठे उमटविले आणि परत येतांना एक साडी घेऊन दिली. दोन वर्षांनीं तिला कळलें कीं तो कागद हक्कसोडपत्राचा होता! बाई चौथीपर्यंत शिकलेली. कागद तिनें डोळ्यांनीं पाहिला होता. पण 'सदर मिळकतींतील हक्क, अधिकार व हितसंबंध राजीखुशीनें कायमचे सोडून देत आहें' या वाक्यानें आपल्या बापाची जमीन आपल्या हातची चालली, हें तिला कसें उमगावें?

कायद्याचे शब्द आमच्या लोकांस एकसारखेच वाटतात, आणि फसगत तेथेंच होते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याप्रमाणें विक्री म्हणजे किंमत घेऊन मालकीच देऊन टाकणें. गहाणांत मालकी जात नाहीं. कर्जाच्या तारणापुरता हक्क जातो, व पैसे फेडून जमीन सोडविण्याचा अधिकार ऋणकोपाशीं राहतो. साठेखत हा विक्रीचा करार आहे, विक्री नव्हे. नुसत्या साठेखतानें जमिनींत हक्क उत्पन्न होत नाहीं. मुखत्यारपत्रानें तर मालकी मुळींच जात नाहीं, आपल्या वतीनें काम करण्याची सत्ता तेवढी जाते. मुखत्यार हा मालकाचा हात, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें 2011 सालीं सूरज लॅम्प खटल्यांत हें निक्षून सांगितलें. तरी मुखत्यारपत्रावर भूखंड 'विकणारे' दलाल आजही गांवोगांव फिरतातच. आणि सातबाऱ्यावर नांव चढलें म्हणजे मालक झालों, ही समजूतही खोटी. ती नोंद मुख्यतः साऱ्यासाठीं. मालकीचा उगम खतांत किंवा वारशांत असतो.

हा खेळ जुनाच आहे. सावकार तोंडानें म्हणे, 'पैसे आणून दे, जमीन तुझीच'. आणि खत मात्र कायम खरेदीचें लिहून घेई. 1875 च्या मे महिन्यांत सुप्याच्या शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकून जाळलीं. त्यांचा राग माणसांपेक्षां कागदावर अधिक होता, तो उगीच नव्हे. त्यानंतर 1879 चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा झाला. शेतकऱ्याचें खत ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखालीं लिहावें व त्यास मोठ्यानें वाचून दाखवावें, अशी त्यांत तरतूद होती. पुढें त्याच कायद्यांत कलम घालून, खरेदीखताच्या आड गहाण दडलें आहे काय हें तपासण्याची मुभा न्यायाधीशास दिली. तो कायदा आतां इतिहासजमा झाला. उलट 1929 च्या दुरुस्तीपासून सर्वसाधारण कायदा असा आहे कीं, परतीची अट त्याच खतांत लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण धरला जात नाहीं. तोंडी वचनाच्या भरंवशावर सही करणाऱ्यानें एवढें तरी लक्षांत ठेवावें.

पूर्वी आम्ही कुळकर्ण्याच्या लेखणीस दोष देत होतों, व तो रास्तच होता. पण या भगिनीच्या कागदावर कोणाची लेखणी चालली? भाऊ आमचाच, लिहिणारा आमचाच, साक्षीदार दोघेही आमचेच. भटशाहीच्या नांवानें सभा गाजवावयाच्या आणि घरीं येऊन बहिणीचा हिस्सा गिळावयाचा, यास सत्यशोधन म्हणावयाचें काय?

कोणी म्हणतील, बहिणीच्या लग्नाला खर्च केला, हुंडा दिला, आतां हिस्सा कसला? लग्नाचा खर्च म्हणजे वाटणी, असें कोणताही कायदा म्हणत नाहीं. 2005 च्या दुरुस्तीनें मुलगी मुलाप्रमाणेंच जन्मतः सहहिस्सेदार झाली. त्या तारखेस बाप हयात असण्याचीही गरज नाहीं, असा निकाल 2020 सालीं लागला. समजून उमजून, भावाची गरिबी पाहून, एखादी बहीण हक्क सोडील तर आमची हरकत नाहीं. पण न समजलेली सही ही राजीखुशी नव्हे. फसवून घेतलेलें खत रद्द करवितां येतें. मात्र फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आंत दावा लावला पाहिजे.

नोंदणी कचेरींत आज काय विचारतात? दस्त तुम्हीच लिहून दिला ना? 'होय' म्हटलें कीं शिक्का बसतो. आमचें सरकारास मागणें एवढेंच आहे कीं, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र व मुखत्यारपत्र लिहून देणारास, भाऊबंद व दलाल बाहेर ठेवून, अंमलदारानें सोप्या मराठींत सांगावें: 'बाई, या सहीनें अमुक गटांतील तुमचा हिस्सा जातो, द्यावयाचा आहे काय?' दीडशें वर्षांपूर्वींच्या परक्या सरकारास खत वाचून दाखविण्याची गरज पटली होती. आमच्या सरकारास ती पटण्यास काय अडचण आहे?

त्या भगिनीस कागदाचा उलगडा होऊन आठ महिने झाले आहेत. मुदत अजून शिल्लक आहे. दिवाळीला माहेरचें बोलावणें आलें आहे. जावें कीं वकिलाकडे जावें, हें तिचें अद्याप ठरलेलें नाहीं.