कोरडी नदीही नदीच

आमच्या भूगोल विभागात कापडावर डकवलेला एक जुना स्थलनिर्देशक नकाशा आहे. प्रमाण मैलाला एक इंच. मथळ्यावर हैदराबाद संस्थान आणि औरंगाबाद जिल्हा. कारण जालना जिल्हा जन्माला आला तो १ मे १९८१ रोजी. प्रात्यक्षिकाच्या तासाला आम्ही त्यावर दोरा ठेवून अंतरे मोजतो, गुण मिळवतो आणि नकाशा गुंडाळून ठेवतो.

यंदा मी त्यावर आपली कुंडलिका शोधू लागलो. डोळे निळी रेघ धुंडाळत होते; सापडली ती बहुतेक काळ्या रेघांत. सांकेतिक खुणा पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. भारतीय सर्वेक्षण विभागाची रीतच अशी, की पाणी असलेला प्रवाह निळा आणि कोरडे पडणारे पात्र काळे. पाणी नव्हते, तरी मोजणीदाराने दोन्ही काठ आखले, एकही वळण गाळले नाही, येऊन मिळणारा ओढान् ओढा दाखवला.

या मोजणीमागे मोठी तपश्चर्या आहे. १८०२ साली मद्रासेत लॅम्ब्टनने त्रिकोणमितीय मोजणी आरंभली आणि ते काम चालू असतानाच १८२३ साली आपल्या हिंगणघाटला त्याने देह ठेवला. त्या परंपरेतल्या माणसांनी कोरड्या पात्रालाही नदी मानले. आपण मात्र त्याला रिकामी जागा समजतो. तिथे केरकचरा टाकतो, भर घालतो आणि हळूच भिंत पुढे सरकवतो.

कोणी म्हणेल, पाणीच नाही तर नदी कसली? माझे मत नेमके उलट आहे. आपल्या मराठवाड्यात पाऊस मोजके दिवस पडतो. त्या दिवसांत पाण्याला वाट हवी आणि जमिनीत मुरायला जागाही हवी. पात्र बुजले की पावसाळ्यात पूर घरात येतो आणि उन्हाळ्यात विहीर तळ गाठते. २०१२-१३ च्या दुष्काळात मी लहान होतो. टँकरचा आवाज आला की घागर घेऊन धावणारी आई अजून डोळ्यांसमोर आहे. शिवाय कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. इथला अपराध इथेच संपत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. परीक्षेपुरता दोरा बाजूला ठेवून आपण हा नकाशा हाती घ्यावा आणि नदीकाठाने चालावे. नकाशातला काठ आज कुठे आहे, याची प्रत्येकाने आपल्या गावापुरती नोंद करावी आणि ती ग्रंथालयात ठेवावी. निदान पुढच्या विद्यार्थ्यांना नदी कुठे होती, हे विचारत फिरावे लागणार नाही.