श्वासामागचे सेरोटोनिन

सेरोटोनिन म्हटले की नैराश्य आणि त्यावरच्या गोळ्या, एवढेच आपल्याला आठवते. हा अंक आम्ही त्याच्या दुसऱ्या, क्वचितच चर्चेत येणाऱ्या कामाला दिला आहे. मस्तिष्कस्तंभातल्या सेरोटोनिन-पेशी रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वासाचा वेग वाढवायला मदत करतात. बोस्टनमधील हॅना किनी यांच्या संशोधकगटाला २०१० मध्ये असे आढळले, की झोपेत अचानक दगावलेल्या तान्ह्या बाळांच्या मस्तिष्कस्तंभात सेरोटोनिन सुमारे २६ टक्के कमी होते. मृत्यूनंतर तपासलेल्या ऊतींवरून कारण कसे ठरवायचे, हा आक्षेप रास्तच आहे. पण या पेशींविना जन्मलेल्या उंदरांतही कार्बन डायऑक्साइडला मिळणारा प्रतिसाद जवळपास निम्मा होतो. म्हणून हा निव्वळ योगायोग आम्हाला वाटत नाही.

मग दोष मेंदूतच असेल, तर आईवडिलांच्या हाती काय उरते? बरेच काही. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना पाठीवर निजवण्याची मोहीम चालली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. पालथ्या बाळाच्या नाकाशी उच्छ्वास कोंडतो, आणि नेमकी तिथेच दुबळी यंत्रणा कमी पडते. या अंकातले लेख याच सांध्यावर बोट ठेवतात. बालरोगतज्ज्ञांनी, परिचारिकांनी आणि घरी तान्हे बाळ असलेल्या वाचकांनी आपले प्रश्न व मतभेद आम्हाला जरूर कळवावेत.