वैद्यक परिषदेविरुद्धची फिर्याद कोणी ऐकावी?

डॉक्टराच्या हातून हयगय झाली अशी ज्याची खात्री पटली आहे, त्याने राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तक्रारअर्ज करावा, ही वाट आता पुष्कळांना ठाऊक झाली आहे. परंतु तो अर्ज परिषदेच्या दप्तरात वर्षानुवर्षे पडून राहिला, सुनावणीची तारीख पुनःपुन्हा पुढे ढकलली गेली, अथवा कारणे न देता दोन ओळींत तो निकालात काढला गेला, तर त्या परिषदेविरुद्ध दाद कोणाकडे मागावयाची, ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आपल्या राज्यव्यवस्थेत अद्याप सापडत नाही. उच्च न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे खरा, पण घरातले माणूस आणि जमापुंजी एकदमच गमावून बसलेल्या कुटुंबाला वकिलाची फी देण्याची ऐपत कोठून असणार? माझ्या मते ही दाद विधिमंडळाने घेतली पाहिजे.

महाराष्ट्र वैद्यक परिषद १९६५ च्या अधिनियमावर उभी आहे. त्याआधी मुंबई इलाख्यात १९१२ चा कायदा होता. नोंदवहीत नाव घालण्याचा आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास ते काढून टाकण्याचा जो अखत्यार परिषदेला लाभला आहे, तो लोकप्रतिनिधींनी लोकांच्या वतीने तिच्या स्वाधीन केलेला आहे, आणि ज्याने सनद दिली त्याने हिशेब मागणे हे त्याचे कर्तव्यच होय. परिषदेचे काही सभासद नोंदणीकृत डॉक्टर आपल्यातूनच निवडून देतात, काहींची नेमणूक शासन करते. वैद्यकातील चूक वैद्यकाच्या जाणकारांनीच तपासावी हे तत्त्व मला मान्य आहे. तथापि, ज्यांच्या मतांवर आपण निवडून यावयाचे त्यांच्यावरच कठोर निर्णय द्यावयाचा, ही स्थिती अत्यंत सज्जन माणसालाही संकोचात टाकणारी आहे, आणि म्हणूनच त्या कामावर बाहेरची नजर असावी लागते.

अशी नजर काय साधू शकते ह्याचा दाखला आपल्याच देशात आहे. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेच्या अध्यक्षांना लाचलुचपतीच्या आरोपावरून २०१० मध्ये अटक झाली, केंद्र सरकारने वटहुकूम काढून परिषद बरखास्त केली, आणि काही वर्षांत ती पुन्हा पूर्वीच्याच घडणीने उभी राहिली. त्यानंतर आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने, रामगोपाल यादव अध्यक्ष असताना, मार्च २०१६ मध्ये आपला ९२ वा अहवाल सादर केला. त्यातील एकच तपशील मला येथे नमूद करावासा वाटतो: १९६३ ते २००९ ह्या काळात परिषदेच्या नीतिसमितीने अवघ्या १०९ डॉक्टरांना काळ्या यादीत घातले होते. अवघ्या देशासाठी, जवळजवळ अर्ध्या शतकात, १०९! अहवालापाठोपाठ मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती लोढा ह्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली, २०१९ मध्ये नवा कायदा झाला आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्या परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली.

परंतु त्याच नव्या कायद्याने रुग्णाच्या हातचे एक साधन काढून घेतले, ह्याचे मला मनस्वी दुःख होते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत व्हावा असे म्हटले आहे, आणि २००४ च्या दुरुस्तीने राज्य परिषदेच्या निर्णयाने व्यथित झालेल्या कोणालाही साठ दिवसांत वर अपील करता येऊ लागले होते. २०१९ च्या अधिनियमातील कलम ३० ने मात्र अपिलाच्या संदर्भात केवळ वैद्यक व्यावसायिकाचाच उल्लेख केला, आणि त्या शब्दरचनेवर बोट ठेवून रुग्णांची अपिले फेटाळली गेली. दुरुस्तीचा मसुदा २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

आमदारांना शस्त्रक्रियेतले काय कळते, आणि राजकारण्यांच्या हाती सूत्रे गेली तर प्रामाणिक डॉक्टरांचा छळ होणार नाही काय, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो निराधार नाही. म्हणूनच अमुक डॉक्टर दोषी की निर्दोष हे ही दाद ऐकणाऱ्या विधिमंडळाच्या समितीने ठरवू नये. अर्ज कधी दाखल झाला, पहिली सुनावणी कधी झाली, तक्रारदाराला डॉक्टरांच्या जबाबाची नक्कल मिळाली काय, निकालपत्रात कारणे आहेत काय, एवढेच तिने विचारावे. खोट्या तक्रारीचे ओझे डोक्यावर घेऊन वर्षानुवर्षे व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरालाही ह्या दिरंगाईचा जाच तितकाच होतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वैद्यक मंडळाचे आयुष्यच कायद्याने मुदतबंद केलेले आहे. मुदतवाढ देण्यापूर्वी विधिमंडळाच्या समित्या मंडळाच्या कारभाराची झडती घेतात, आणि उपचारांच्या दर्जाविषयीची तक्रार बंद करण्यापूर्वी तक्रारदाराची मुलाखत घेण्याचे बंधन २०२३ च्या कायद्याने मंडळावर घालण्यात आले.

आपल्याकडे तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना आहेत, पण मंत्र्यांच्या उत्तराबरोबर तो विषय बहुधा तेथेच मिटतो. दोन्ही सभागृहांची एक संयुक्त समिती ह्या कामासाठी कायम असावी. प्रलंबित अर्जांची तारीखवार यादी परिषदेने दरवर्षी तिच्यापुढे ठेवावी, आणि कलम ३० मध्ये रुग्णाला अपिलाचा हक्क द्यावा अशी शिफारस करणारा ठराव विधिमंडळाने केंद्राकडे पाठवावा. परिषदेचे कार्यालय मुंबईत आहे. गडचिरोलीच्या माणसाला तेथपर्यंतची एक खेपही जड जाते. समितीची पहिली बैठक नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातच भरवावी आणि विदर्भातील तक्रारदारांना तेथे बोलावून घ्यावे.