जिथे घंटा वाजत नाही

मुलांनो,

शाळेची घंटा झाली, की तुम्ही धावत वर्गात येता. हजेरी होते. गृहपाठ राहिला, तर बाई विचारतात. परीक्षेचे वेळापत्रक फळ्यावर लागते आणि ते तुम्ही वहीत उतरवून घेता. हे सगळे इतके सवयीचे, की त्याचे काही वाटतही नाही.

पण अशीही एक शाळा आहे बरं का, जिथे घंटा नाही आणि रोजची हजेरीही नाही! तिचे नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९७९ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने एक प्रकल्प म्हणून ही सुरुवात केली. १९८९ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली. तिथे दहावी मराठीतूनही करता येते. वय १४ पूर्ण हवे. वरची मर्यादा नाही, म्हणजे आजोबासुद्धा परीक्षेला बसू शकतात!

या शाळेचे नियम नीट पाहा हं. प्रत्येक नियमामागे कुणाची तरी अडचण आहे.

नववीत शाळा सुटलेल्या ताईला घरकाम सांभाळून सगळे विषय एकदम झेपत नाहीत. म्हणून एकदा केलेली नोंदणी ५ वर्षे चालते. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एकूण ९ संधी मिळतात. पास झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात, अगदी पोस्टातल्या बचत खात्यासारखे! गॅरेजमध्ये काम करणाऱ्या दादाला रोज वर्गात बसणे जमत नाही. म्हणून अभ्यास केंद्रातले मार्गदर्शन बहुतेक ठिकाणी सुट्टीच्या दिवशी असते. हे केंद्र म्हणजे बहुधा आपल्यासारखीच एखादी शाळा.

नोंदणी, पुस्तके, स्वाध्याय, हॉल तिकीट, निकाल... हे सगळे सांभाळते कार्यालय. आपल्या शाळेत घंटा जे काम करते, ते तिथे कार्यालयाच्या सूचना करतात.

पण घंटा सगळ्यांना ऐकू येते. सूचना मात्र संकेतस्थळावर किंवा मोबाईलवर येऊन गुपचूप पडून राहते. ती वाचली नाही आणि परीक्षा शुल्काची तारीख निघून गेली, तर अभ्यास तयार असूनही ती परीक्षा हुकते. मग माणूस म्हणतो, "जाऊ दे, आपल्या नशिबातच नाही!" किती वाईट ना?

इथे तुम्ही उपयोगी पडाल. घरात किंवा शेजारी कुणी असे शिकत असेल, तर त्यांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. आठवड्यातून एकदा सूचना त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. फॉर्ममधले नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहा. अडलेच, तर घरच्या मोठ्यांना घेऊन त्यांच्यासोबत केंद्रावर जा. खिडकीपाशी एकट्याने उभे राहायला मोठ्या माणसांनाही भीती वाटते बरं!

आणि पालकहो, तुम्हाला एकच विनंती. पुन्हा शिकू पाहणाऱ्या माणसाला "आता हे काय वय आहे का?" असे म्हणू नका. त्याऐवजी विचारा, "फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?"

तुमच्या,
बाई