अटकेच्या कागदावरील सही

आमच्या आळीच्या तोंडाशी एक इस्त्रीचे दुकान आहे. गेल्या वैशाखात एके रात्री नवाच्या सुमारास त्या दुकानदाराच्या मुलास पोलिसांनी चोरीच्या संशयावरून धरले. थोड्याच वेळात एक हवालदार आमच्या दारी आला आणि अदबीने म्हणाला, "काका, अटकेच्या कागदावर शेजारच्या कोणा गृहस्थाची सही लागते. दोन मिनिटे येता का?" त्या वेळी आमच्या घरात चार कर्ते पुरुष हजर होते. एकास आपल्या रक्तदाबाची आठवण झाली, दुसरे पानावर बसले, तिसरे फोनवर मोठ्याने बोलू लागले. आणि आम्ही स्वतः, खोटे कशास सांगावे, पहाटेच्या गाडीने परगावी जावयाचे आहे अशी सबब सांगून दार लावून घेतले.

तिसऱ्या दिवशी त्या मुलाची आई आली. तिने एवढेच विचारले, "काका, पोराला नेला तेव्हा किती वाजले होते?" तिच्या वकिलास ते हवे होते. कारण अटकेच्या कागदावर दुसऱ्या दिवशीचे सकाळचे अकरा लिहिलेले होते, आणि खाली जी सही होती ती आळीत कोणाच्याच ओळखीची नव्हती. अटक केलेल्या मनुष्यास प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हा नियम आपण शाळेत नागरिकशास्त्रात पाठ केलेला असतो. परंतु ते चोवीस तास मोजावयाचे कोठून, हे त्या कागदावरील एका ओळीवर ठरते, हे आमच्या ध्यानी त्या दिवशी प्रथम आले. मधले चौदा तास कोणाच्याच हिशेबी नव्हते.

ही सही कायद्यात आली तिचा इतिहास मोठा बोधक आहे. १९८६ साली पश्चिम बंगालमधील एका कायदेसाहाय्य संस्थेच्या कार्याध्यक्षांनी, कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या वाचून, सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रासच अर्ज मानले, आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्याच्या निकालात पोलिसांना अकरा आज्ञा घालून दिल्या. त्यांतील एक अशी की, अटकेची तारीख व वेळ नमूद करणारा कागद जागेवरच करावा, आणि त्यावर आरोपीच्या घरच्या मनुष्याची किंवा त्या वस्तीतील प्रतिष्ठित गृहस्थाची सही घ्यावी. पुढे हे कलम फौजदारी प्रक्रिया संहितेत गेले, व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. 'वस्तीतील प्रतिष्ठित गृहस्थ' म्हणजे कोण, हे वाचकांस सांगावयास नकोच. सभासमारंभांत ज्या बिरुदासाठी आपण पुढच्या खुर्चीवर बसतो तेच हे बिरुद. हवालदाराच्या तोंडून आले की मात्र आपण माजघरात शिरतो.

पोलिसांवर लोकांची नजर नसली म्हणजे काय होते, हे आमच्या पुण्यास निराळे शिकविण्याची गरज नाही. घाशीराम सावळदास चौदा वर्षे येथे कोतवाल होता. १७९१ साली त्याच्या अमलात तेलंगी ब्राह्मणांना भवानी पेठेत एका कोंदट जागी कोंडून घातले गेले व त्यांतील एकवीस गुदमरून मेले. तेव्हा शहर खवळले, आणि शेवटी घाशीराम दगडांखाली ठेचून मारला गेला. जुन्या लोकांत ही हकीकत कित्येकदा समाधानाने सांगतात. आम्हांस ते समाधान वाटत नाही. चौदा वर्षांत तक्रार नेण्यास एखादे ऐकते दार असते, तर ते एकवीस जीव वाचले असते आणि दगड हाती घेण्याचा प्रसंगही आला नसता.

तसे दार आता आहे. ते उघडावे म्हणून खटपट केली तीही एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने, ही गोष्ट त्या खात्याच्या टीकाकारांनी लक्षात ठेवावी. उत्तर प्रदेशचे व आसामचे पोलीस प्रमुख राहिलेले प्रकाश सिंह यांनी १९९६ साली अर्ज केला. २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देऊन, प्रत्येक राज्यात व जिल्ह्यात निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पोलीस तक्रार प्राधिकरण नेमण्यास फर्माविले. कोठडीतील मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, पैसे उकळणे, घर वा जमीन बळकावणे असल्या तक्रारी तेथे नेता याव्यात हा हेतू. महाराष्ट्राने त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली ती २०१४ साली; तीतही जिल्ह्याऐवजी विभाग घातला, म्हणजे गडचिरोलीच्या मनुष्याने नागपूर गाठावयाचे! शिवाय प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक असावी असे न्यायालयाचे म्हणणे असता, आमच्या कायद्याने कारणे नोंदवून ती नाकारण्याची वाट सरकारसाठी मोकळी ठेवली आहे. ही उणीव लहान नव्हे.

परंतु प्राधिकरणावर बसलेले न्यायाधीश कितीही निःस्पृह असले तरी ते त्या रात्री आमच्या आळीत नव्हते. तेथे आम्ही होतो. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण अठरा महिने जपण्याची आज्ञा दिली, ती योग्यच. पण मुलास ठाण्यात नेण्यापूर्वी जे घडते त्याला शेजाऱ्याच्या डोळ्यांवाचून दुसरा साक्षी नसतो.

आमच्या घरी यावर पुष्कळ वाद झाला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे थोरल्या बंधूंचे ठाम मत. आणि सही करणारास चार-पाच वर्षांनी साक्षीचे समन्स येते, दिवस मोडतो, हे त्यांचे म्हणणे खोटेही नाही. पण चांगली माणसे सहीस येत नाहीत म्हणून पोलिसांना नेहमीचे ठरीव पंच पाळावे लागतात, हे उलट कोणी नाकारावे? वहिनींनी मध्येच विचारले, "सही बायकांनी केली तर चालत नाही का?" आम्ही पुस्तक काढून पाहिले. कायद्यात पुरुषच हवा असे कोठेही म्हटलेले नाही. उलट स्त्रियांना व साठीपुढील पुरुषांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यावे लागते, असेही त्यात आढळले. थोरल्या बंधूंचे वय एकाहत्तर आहे.

त्या रात्री नवाच्या सुमारास मुलास नेताना आम्ही पाहिले, असा लेखी जबाब आम्ही त्याच्या वकिलाकडे गेल्या महिन्यात दिला. मुलगा तोवर जामिनावर सुटून आला होता. त्याचा डावा हात अजून नीट वर होत नाही. इस्त्री सध्या त्याची आईच फिरवते.